दसरा झाला की निघू

मी एक मोटारसायकल आहे. वय चोवीस. माणसांत हे वय नोकरीचं नाहीतर लग्नाचं, आमच्यात भंगाराचं. तरी मी अजून दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठते, आणि बोलायचं म्हटलं तर माझ्यापाशी पुष्कळ आहे. आमच्या घरात बोलायला सगळ्यांनाच आवडतं. निघायला फारसं कुणाला आवडत नाही.

माझा जन्म म्हैसूरच्या कारखान्यात झाला, १९८५ साली. रंग लाल, सायलेन्सर दोन, आणि किक अन् गिअर एकाच दांडीत. दांडी आत दाबून उभी केली की किक, आडवी ठेवली की गिअर. नवखा माणूस किक शोधत माझ्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेव्हा मला हसू आवरत नाही.

मला विकत घेतलं हवालदार करुप्पय्या यानं. तो नाशिकजवळ देवळाली कॅम्पात तोफखान्यात होता. गाव पार खाली, तमिळनाडूत, रामनाथपुरमच्या अलीकडे समुद्राकाठी. बायको-मुलं तिकडे, हा इकडे बरॅकीत. दर रविवारी तो मला धुवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशानं माझ्या चाकाची एकेक तार साफ करायचा. काही दुखलं-खुपलं तर कॅम्पाच्या बाजारातल्या सलाउद्दीनच्या गॅरेजात न्यायचा. सलाउद्दीन बरा मिस्त्री होता. बरा अशासाठी की तो आधी कान लावायचा आणि मग पाना.

त्या गॅरेजापुढच्या बाकड्यावर मला माझा दुसरा मालक भेटला. जीवननाना. मखमलाबादला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. कॅम्पातल्या दुकानांना माळा पोचवून झाल्या की ते सायकल टेकवून त्या बाकड्यावर बसायचे. करुप्पय्या फौजी हिंदीत बोलायचा, नाना मखमलाबादी हिंदीत, आणि दोघांची दोस्ती कशी जमली ते सलाउद्दीनलाच ठाऊक. करुप्पय्या त्यांना ‘फूलवाला’ म्हणायचा.

१९९१ साली तो निवृत्त झाला. मला घेऊन जाणं त्याला शक्य नव्हतं. त्याच्या गावाला सडकच नव्हती तेव्हा. मोठ्या रस्त्यापासून चार किलोमीटर नुसती वाळू.

“फूलवाले, तू रखेगा इसको?”

“रखेगा ना.”

“एक शर्त है. सड़क बनेगी तो मैं चिट्ठी डालूँगा. तब इसको एक बार मेरे गाँव ले आना. बस, एक बार.”

नानांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. “गोदामाईची शपथ. आणतो.”

सलाउद्दीन पाना पुसत म्हणाला, “मैं गवाह हूँ, हवालदारसाब.”

त्या हाताचा घाम मला अजून आठवतो. माणूस खरं बोलत होता. पुढं जे झालं त्याला खोटेपणा म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

१९९३ च्या उन्हाळ्यात पत्र आलं, सडक झाली. त्या रविवारी आमच्या पडवीत पहिली बैठक बसली. नाना, त्यांचे वडील चिमाजीबाबा आणि खास कॅम्पातून आलेला सलाउद्दीन. मध्ये नानांच्या मुलीचा, प्रतिभाचा, शाळेचा नकाशासंग्रह उघडा. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि “पान दुमडू नका” म्हणून ओरडत होती.

बोलणं पावसावर आलं आणि तिथंच बसलं. दीड हजार किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. मोटारसायकलीवर पावसात जाणं म्हणजे आजार विकत घेणं. म्हणजे पावसाळा टाळायचा. उन्हाळाही नको, सोलापूरच्या पुढं डांबर वितळतं. मग दिवस उरले कोणते? “दसरा झाला की निघू,” नाना म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

हे वाक्य मी पुढं नऊ वर्षं ऐकलं.

आता मला सांगा, झेंडू लावणाऱ्या माणसाला दसऱ्याला सवड असते का? वर्षभराची फुलं त्या वीस दिवसांत पंचवटीच्या बाजारात जातात, दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. त्या दिवसांत माझ्या पाठीवर दोन्ही बाजूंना क्रेट बांधलेले असायचे. मखमलाबाद नाका, पंचवटी, परत मळा, पुन्हा पंचवटी. मग नाना म्हणायचे, “दिवाळी होऊ दे.” दिवाळी व्हायची, आणि टीव्हीवर बातमी यायची की बंगालच्या उपसागरात वादळ आलंय, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणीच पाणी झालंय. नाना घरातल्यांना बोलावून दाखवायचे. “बघा. निघालो असतो तर तिथं अडकलो असतो. देवानं वाचवलं.”

देवानं दर वर्षी वाचवलं.

नाना आळशी होते असं मात्र कुणी समजू नका. बेत आखण्यात त्यांनी कसूर केली नाही. भाद्रपद लागला की रोज संध्याकाळी ते मला घेऊन सीबीएसला, एसटीच्या मोठ्या स्टँडवर जायचे. मला कडेला लावायचे आणि येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवरचा चिखल बघत हिंडायचे. ही त्यांची स्वतःची विद्या. मुंबईच्या गाडीला घाटातला तांबूस चिखल, नगरच्या गाडीला काळा. चिखल ओला असेल तर पाऊस आजचा, कडा वाळून मधे ओला असेल तर कालचा, पोपडे धरले असतील तर तीन दिवसांचा. ड्रायव्हर ओळखीचे झाले होते. “काय नाना, आज काय म्हणतंय चाक?” म्हणून हसायचे. नाना बोटानं चिखल चोळून सांगायचे, “राहुरीच्या पुढं लागला तुम्हाला. अर्धा तास.” आणि ते बरोबर असायचं. भाद्रपदात सोलापूरची गाडी हटकून चिखलात माखून यायची. नाना मान हलवत घरी परतायचे.

घरी चिमाजीबाबा पंचांग घेऊन तयारच. “उत्तरा नक्षत्राला वाहन म्हैस हाय यंदा. लय झोडपणार.” पुढच्या साली कोल्हा, त्याच्या पुढच्या साली बेडूक. वाहन म्हणून मी दारात उभी आणि चर्चा म्हशीची. तुम्हीच सांगा, राग यायचा नाही?

दर पोंगलला करुप्पय्याचं कार्ड यायचं. एकच ओळ. कब आ रहा है? नाना उत्तर धाडायचे, दसऱ्यानंतर पक्कं. एका वर्षी सलाउद्दीननं माझं इंजिन उघडून नवी रिंग टाकली, “लंबे सफर के लिए.” मी तयार झाले आणि तो लांबचा सफर झाला मळा ते पंचवटी.

प्रतिभा मोठी झाली. कॉलेजात भूगोल घेतला. मला चालवायला तिला सलाउद्दीननंच शिकवलं, कॅम्पाच्या मैदानावर, नानांना न सांगता. पहिल्या दिवशी ती किक शोधत फिरली नाही. थेट दांडी दाबली आणि उभी केली. मला ती त्याच क्षणी आवडली.

२००२ चा जून. रविवार होता, सलाउद्दीन माझा प्लग साफ करत पडवीत बसला होता. पोस्टमन पत्र देऊन गेला. पत्ता नेहमीच्या अक्षरात नव्हता, आत सगळं इंग्रजी. नानांनी ते प्रतिभाकडे दिलं. तिनं वाचत वाचत मराठीत सांगितलं.

“त्यांच्या नातीनं लिहिलंय. सेल्वी नाव आहे. म्हणते, आजोबांची साखर डोळ्यांत उतरली. उजव्या डोळ्यानं दिसत नाही. डावा दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला, असं मदुराईचे डॉक्टर म्हणाले. ते तुमचं नाव काढत नाहीत, पण सडकेवर मोटारसायकल वाजली की उठून बाहेर येतात.”

सलाउद्दीनच्या हातात प्लग तसाच राहिला.

मग नाना म्हणाले, “यंदा झेंडू सुमनच्या अंगावर टाकतो. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघू.”

आत प्रतिभाची आई, सुमनबाई, भाकरी थापत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, “टाका, टाका. नऊ वर्षं टाकताय.”

“बरोबर हाय,” चिमाजीबाबा पंचांगावरून मान वर न करता म्हणाले. “दसऱ्याला पाऊस नसतो.”

“कुठं नसतो, बाबा?” प्रतिभा म्हणाली.

“कुठं म्हंजी? नसतो म्हंजी नसतो.”

“इथं नसतो! त्यांच्याकडं दसऱ्यानंतरच लागतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आपला पाऊस परत फिरला की त्या किनाऱ्यावर त्यांचा सुरू होतो. दुसऱ्या वर्षाला शिकवलं आम्हाला हे. नऊ वर्षं तुम्ही बरोब्बर त्यांचा पावसाळा गाठायचा बेत करत होतात. तरी बरं, निघाला नाहीत!”

“पुस्तकात काय पण लिहित्यात,” बाबा म्हणाले. “देव काय दोन-दोन पावसाळे पाडतो?”

“नाना, दर दिवाळीला टीव्हीवर काय बघत होतात मग?”

नानांचा चेहरा मी बघत होते. वर्षानुवर्षं समोर ठेवलेली वस्तू अचानक दिसावी तसं त्यांना झालं. ते हळूच म्हणाले, “ते वादळ म्हणून दाखवायचे.”

“वादळ दोन दिवस. पाऊस तीन महिने.”

“मग जायचं कधी?”

“जुलैत.”

सलाउद्दीनला हसू फुटलं. “बेटा, जुलैत इगतपुरीला बेडूकसुद्धा छप्पर शोधतो.”

“इगतपुरीला कोण चाललंय, चाचा? तिच्याकडं पाठ करून निघायचं. सिन्नर, नगर, सोलापूर, विजापूर, मग सरळ खाली. पाऊस घाटावर अडतो, त्याच्या मागं सगळं कोरडं. जुलैत तिथले लोक आभाळाकडं बघत बसलेले असतात. आपल्याकडं महापूर असतो तेव्हा तिकडं धूळ असते. तिकडं पाऊस येतो भाद्रपदात, आणि नाना नेमके भाद्रपदातच चाकं बघायला जातात!”

हे जरा जोरातच झालं. सुमनबाई पिठाचा हात घेऊन दारात आल्या. नाना उठून मळ्यात निघून गेले. प्रतिभा माझ्या सीटवर बसली, रागानं हँडल डावी-उजवीकडे आपटत. तिला वाटलं, ते नेहमीसारखे टाळायला गेले. मलाही तसंच वाटलं. मोठ्यांबद्दल आमची दोघींची मतं सारखीच होती.

पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस धो-धो कोसळत असताना, नानांनी खताची रिकामी गोणी डोक्यावर घेतली, मला बाहेर काढलं आणि प्रतिभाला म्हणाले, “चल. सोलापूरची गाडी पाचला येते.”

स्टँडवर पाण्याचं तळं झालं होतं. मुंबईची गाडी आली, टपापर्यंत तांबड्या चिखलात. सोलापूरची आली तेव्हा तिचं तोंड नाशिकच्या पावसानं धुतलं गेलं होतं. नानांनी वाकून चाकाच्या मागं, पाणी पोचत नाही तिथं, मडगार्डच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं. बोटावर पांढरट धूळ आली. भुरभुरीत, कोरडी. त्यांनी ती फुंकून पाहिली. मग ड्रायव्हरला विचारलं, “पाऊस?”

“कुठला पाऊस, नाना? सिन्नरपर्यंत वायपर लावला नाय. तिकडं पेरण्या खोळंबल्यात.”

चार दिवस ते रोज गेले. चारही दिवस धूळ. चौथ्या दिवशी त्यांनी ते बोट प्रतिभाच्या नाकापुढं धरलं आणि म्हणाले, “तुझं पुस्तक बरोबर आहे.” ती हसली नाही. तिनं त्यांचं बोट धरलं आणि आपल्या ओढणीला पुसलं.

त्यानंतर मात्र बेत झाला तो खरा बेत. प्रतिभानं सहा दिवसांचे सहा टप्पे पाडले. रोज दुपारी तीनला थांबायचं, एसटीडी बूथ शोधायचा, पुढच्या गावच्या स्टँडवर फोन लावून विचारायचं, गाड्या वेळेवर येतायत का. गाड्या वेळेवर म्हणजे पूल मोकळे. ही युक्ती नानांची. सलाउद्दीननं मला दोन प्लग, एक क्लचची वायर, चेनच्या कड्या आणि टू-टी ऑइलची बाटली बांधून दिली. माझ्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, ते विसरलात तर मी जागच्या जागी बसते. त्यानं हे प्रतिभाला तीनदा सांगितलं आणि नानांना पाचदा. चिमाजीबाबांनी निघायच्या दिवशी पंचांग उघडलं, बघितलं, आणि मिटलं. मग म्हणाले, “गोधडी घेतली का?”

एका गोष्टीवरून पुन्हा वाजलं. चालवणार कोण?

“गावातून तरी तुम्ही चालवा हो,” सुमनबाई म्हणाल्या. “पोरगी पुढं आणि बाप मागं. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, नानांना झोप आली असेल,” प्रतिभा म्हणाली. पण आईच्या डोळ्यांत पाणी बघून ती मागं बसली.

नानांनी मला गावाबाहेर काढलं. पंचवटी, नाशिकरोड, सिन्नरचा घाट. पाऊस तोंडावर खडे मारावेत तसा. सिन्नर मागं पडलं आणि अर्ध्या तासात तो सरळ थांबला. पुढं कोरडा रस्ता, वारा, आणि आभाळाखाली नुसती धूळ. नानांनी मला एका बाभळीपाशी उभं केलं. ते उतरले आणि खोडाला टेकले.

“दमलात?”

“नाही गं.” त्यांनी अंगावरची ओली गोणी काढली. “एक सांगू? मी नगरच्या पुढं कधी गेलोच नाही. तिकडचं बोलणं कळणार नाही, पाट्या वाचता येणार नाहीत. आपण गावंढळ माणसं. दर वर्षी पाऊस आडवा आला की मला, खरं सांगतो, बरं वाटायचं.”

मला हे ठाऊक होतं. हँडलवरची बोटं सगळं सांगतात. प्रतिभाला ठाऊक नव्हतं. ती काहीतरी तिखट बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिनं गोणी झटकली, घडी केली, आणि पुढं बसली.

“पाट्या मी वाचते. तुम्ही आभाळ बघा.”

तसे आम्ही गेलो. पाच दिवस एक थेंब नाही. विजापूरच्या पुढं वारा इतका की मी तिरकी चालत होते. होस्पेटच्या अलीकडं चेन तुटली, नानांनी भर रस्त्यात बसून कडी बसवली. सेलमच्या पुढं पाट्यांची जिलेबी सुरू झाली आणि नाना विचारणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हात जोडून फक्त ‘रामनाथपुरम’ एवढंच सांगण्याची विद्या शिकले. ती सगळीकडं चालली. कुठं इडली मिळाली, कुठं झोपायला ओटा.

सहाव्या दिवशी दुपारी चारला आम्ही त्या चार किलोमीटरच्या सडकेला लागलो. दोन्ही बाजूंना ताडाची झाडं आणि पांढरी वाळू. शेवटच्या वळणाला, घर दिसायच्या आधीच, एक माणूस सडकेवर येऊन उभा होता. वाळलेला, पांढऱ्या लुंगीतला. मान जरा डावीकडे वळवलेली, चांगला डोळा पुढं करून.

“फूलवाला?” तो म्हणाला.

नाना माझ्यावरून उतरले. करुप्पय्यानं त्यांना धरलं, मग सोडलं, आणि माझ्याकडे आला. अगदी जवळ वाकून त्यानं मला बघितलं. टाकी, दिवा, चाकाच्या तारा. डोळा इतका जवळ की त्याचा श्वास मला लागत होता. त्याला मी दिसले. वेळेत पोचलो होतो आम्ही. प्रतिभानं हेल्मेट काढलं आणि तिचा चेहरा असा उजळला होता की नानांना ती परीक्षेत पहिली आल्यासारखी वाटली असेल.

मग करुप्पय्यानं घराकडं तोंड करून तमिळमध्ये हाक मारली. त्याची बायको बाहेर आली. पोन्नुताई. नावातच ताई आहे म्हणून नानांना फार बरं वाटलं. करुप्पय्या तिला काहीतरी म्हणाला. तिनं पदर तोंडाला लावला आणि जोरजोरात नकाराची मान हलवत दाराआड गेली.

“क्या बोला आपने?” प्रतिभानं विचारलं.

तो हसला, जरा लाजून. “इक्कीस साल फ़ौज में था. फ़ैमिली क्वार्टर कभी मिला नहीं. इसने देवळाली देखा नहीं, गाड़ी देखी नहीं. मैं चिट्ठी में लिखता था, गाड़ी लिया है, तेरे को पीछे बिठाऊँगा. इसीलिए बोला था, एक बार ले आना.”

म्हणजे त्याला मला नुसतं बघायचं नव्हतंच कधी. त्याला बायकोला मागं बसवायचं होतं.

तो माझ्यावर बसला. अकरा वर्षांनी. दांडी दाबली, उभी केली, आणि मी पहिल्या किकला उठले. दुसऱ्या किकची वेळ मी त्याच्यावर येऊ देणार नव्हते. त्यानं क्लच धरला, समोर सडकेकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग क्लच सोडून इंजिन बंद केलं.

“नहीं. गिरा दूँगा उसको.” तो उतरला. मग कुणावर राग नसलेल्या आवाजात, नुसतं सांगावं तसं म्हणाला, “कल-परसों की बात लगती है. दो साल पहले तक मैं पूरा रास्ता देखता था.”

नाना सडकेच्या कडेला, वाळूत, खाली बसले. त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले नाहीत की ते रडले नाहीत. ते फक्त बसले. माझ्या सायलेन्सरमधून मघाशी निघालेला धूर अजून त्यांच्या अंगावरून जात होता आणि त्यांनी तोंडही फिरवलं नाही. प्रतिभानं त्यांच्याकडं बघितलं. सहा दिवस, नव्हे नऊ वर्षं, तिच्या जिभेवर जे जे होतं ते सगळं बोलायची ती वेळ होती. पण ती दाराशी गेली, हात पुढं केला. पोन्नुताई पुन्हा नाही म्हणाली. पण या वेळी मान जरा हळू हलली. प्रतिभानं परत येऊन माझी मागची सीट ओढणीनं पुसली, पुढं बसली, आणि मागं न बघता थांबून राहिली.

माझ्यावर वजन आलं. फारसं नाही, फुलांच्या एका क्रेटएवढं. आधी एक हात प्रतिभाच्या खांद्यावर, मग दुसरा तिच्या कमरेला. आम्ही सडकेच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. करुप्पय्या सडकेच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता, डावा डोळा आमच्याकडं करून. आम्ही त्याच्यापाशी आलो की पोन्नुताई ताठ व्हायची, पदर सावरायची, आणि तो म्हणायचा, “फिर से.” जाताना ती प्रतिभाच्या कानात काहीबाही बोलायची, तमिळमध्ये, भराभरा. प्रतिभा “हो, हो” म्हणायची. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. पाचव्या की सहाव्या फेरीला पोन्नुताई खळखळून हसली. ते हसणं त्याच्यापर्यंत पोचलं असणार, कारण पुढच्या वेळी त्यानं ‘फिर से’ म्हटलं नाही, नुसता हात फिरवला. ऊन उतरेपर्यंत आम्ही फिरत होतो. माझं पेट्रोल राखीववर आलं.

परतीच्या वाटेवर मदुराईपासून सेलमपर्यंत नानांनी स्वतः मला चालवलं, पाट्या न वाचता. सिन्नरला पाऊस भेटला. सुमनबाईंचं म्हणणं आठवून प्रतिभा उतरली आणि म्हणाली, “बसा पुढं.”

“तूच चालव.”

भर बाजाराच्या दिवशी, पंचवटीतून, मखमलाबाद नाक्यावरून, पोरगी पुढं आणि बाप मागं असे आम्ही गावात शिरलो. पारावर बसलेला बारकू ओरडला, “काय नाना, हातपाय मोडले काय?” नाना मागून म्हणाले, “नाय रे. डोळे उघडे ठेवून बसलोय.”

दिवस भुर्रकन गेले. प्रतिभा पुण्याला नोकरीला लागली, तिथंच लग्न केलं. चिमाजीबाबा गेले. सलाउद्दीननं गॅरेज मुलाला दिलं, आणि मुलाला माझ्यासारख्यांच्या आवाजाची ओळख नाही. नानांचे गुडघे गेले, फुलं टेम्पोतून जायला लागली. मी पडवीत उभी राहिले. करुप्पय्या २००७ साली वारला. आम्ही जाऊन आलो त्या साली दिवाळीनंतर त्याला काहीच दिसत नव्हतं म्हणे.

यंदा, २००९ च्या फेब्रुवारीत, सेल्वीचं पत्र आलं. ती आता शाळेत शिकवते. गाडी वापरात नसेल तर आम्हाला द्याल का, आजी मागत नाही, पण मला कळतं, असं तिनं लिहिलं होतं. नानांनी पडवीत बसून प्रतिभाला मोबाइल लावला, मोठा आवाज करून, त्यांना आता कमी ऐकू येतं.

“आपण दोघं घेऊन जाऊ हिला. तू पुढं.”

“नाना, खरंच यायचं होतं हो. पण मार्चअखेर आहे, छोटीची परीक्षा आहे. पुढच्या वर्षी नक्की बघू.”

पुढच्या वर्षी. हे माझी प्रतिभा म्हणाली. मी तिच्यावर रागावले नाही असं खोटं कशाला सांगू? चांगलीच रागावले. माणसं मोठी व्हायला लागली की हे दुखणं आपोआप जडतं की काय कोण जाणे.

नाना म्हणाले, “नको बाळा. पुढच्या वर्षी नको.” आणि फोन ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी टेम्पो बोलावला.

आज मी नाशिकरोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आहे. माझं पेट्रोल काढून घेतलंय. अंगाला गवत लावून गोणपाट शिवलंय, त्यावर शाईनं रामनाथपुरम लिहिलंय. नाना मघाशी बाकड्यावर बसून होते. गोणपाटाच्या फटीतून हात घालून त्यांनी माझी टाकी चाचपली, आणि पार्सलवाल्याला विचारलं, “गाडी कितीला येते?” आभाळाकडं त्यांनी बघितलंही नाही. मग गुडघे धरत धरत ते गेले. मला वाटलं होतं, वळून बघतील. बघितलं नाही. बरं केलं.

तेव्हा येते मी. नाशिककरांनो, माझी आठवण काढलीत तर पडवीतली म्हणून काढू नका, विजापूरच्या वाऱ्यात तिरकी धावणारी म्हणून काढा.

आणि सेल्वी, तू मला सोडवून घेशील तेव्हा तुला तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. पेट्रोलात ऑइल घालायला विसरू नकोस. किक शोधत बसू नकोस, ती गिअरच्या दांडीतच आहे. आणि आजीला विचार, मागं बसतेस का. ती नाही म्हणेल. तेवढ्यावर थांबू नकोस, दुसऱ्यांदा विचार.